एक भोंगा आणि तीन आवाज: कुकर-शेगडी रिपेअरवाल्याच्या गाडीची वायरिंग

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्ही, गणपतीच्या आधी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, असं सगळं येतं. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना इथं आण्णा म्हणतो, खरं नाव आणि वाडीचं नाव देत नाही, त्यांना विचारूनच लिहितोय.

आण्णा गावोगाव फिरून कुकर, गॅस शेगडी, स्टोव्ह दुरुस्त करतात. जुनी १०० सीसीची गाडी, मागं कॅरिअरला लोखंडी पेटी, त्यात रिंगा, शिट्ट्या, व्हॉल्व्ह, बर्नर, पाने. पुढं हँडलच्या वर भोंगा. दिवसाला सात-आठ वाड्या होतात, प्रत्येक ठिकाणी देवळापाशी नाहीतर पाराखाली गाडी लावायची, भोंगा चालू ठेवायचा आणि अर्धा तास थांबायचं. बायका कुकर घेऊन येतात, तिथंच काम होतं. म्हणजे हा भोंगा हौसेसाठी नाही, भोंगा बंद पडला तर त्या दिवसाचा धंदा बसला.

भोंग्यात तीन आवाज घालायचे होते. एक, मेमरी कार्डवाला छोटा प्लेअर, त्यात त्यांच्या मुलीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचं यूएसबी होतं, पण कच्च्या रस्त्यावर पेनड्राइव्ह हलून सारखा बंद पडायचा म्हणून हा वेगळा प्लेअर घेतलेला. दोन, हातातला माइक, कारण "दहा मिनिटात निघतोय, कोण राहिलंय का" हे रेकॉर्डिंगमध्ये आधी भरून ठेवता येत नाही. तीन, मोबाईल. रेट बदलला की मुलगी नवीन आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि आण्णा तो थेट मोबाईलवरून वाजवायचे, शिवाय सकाळी पहिल्या वाडीत एखादा अभंग लावायचे.

नेमका त्रास काय होता

मे महिन्यात आण्णा गाडी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "दादा, फोन लावला की पोरीचा आवाज बसतोय बघा." आधी ज्यांनी बसवून दिलं होतं त्यांनी बाजारात मिळते ती वाय पिन लावलेली, दोन जॅक आत आणि एक बाहेर, प्लेअर आणि मोबाईल दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या एकाच ऑक्स सॉकेटला (बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा). मी समोर लावून बघितलं. प्लेअर एकटा असला की भोंगा खणखणीत, मोबाईलचा जॅक नुसता खुपसला, अजून काही वाजवलंही नाही, तरी मुलीचा आवाज एकदम दबला आणि फाटायला लागला.

हे का होतं ते आण्णांना मी विहिरीच्या भाषेत सांगितलं. दोन मोटरी एकाच पाइपला जोडल्या आणि मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नाही टाकला तर चालू मोटरचं पाणी शेतात कमी आणि बंद मोटरमधून उलटं विहिरीत जास्त जातं. इथं तसंच. हेडफोनचं आउटपुट दोन्ही बाजूंना फार कमी ओहमचं, म्हणजे कमी अडथळ्याचं असतं, प्लेअरचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरकडं जायच्या ऐवजी मोबाईलच्या आउटपुटमध्ये घुसून तिथंच मरतो. वाय पिन एका आउटपुटचे दोन हेडफोन करायला आहे, दोन आउटपुट एक करायला नाही, पण दुकानात दोन्हीला तीच पिन हातात देतात.

दुसरा त्रास, मोबाईल चार्जिंगला लावून जोडला की भोंग्यातून घूंऽऽ असा आवाज आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की तो आवाजही वर चढायचा. तिसरा, सकाळी बॅटरी मेलेली. अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीला, चावीचा संबंध नाही, बटण चुकून चालू राहिलं की रात्रभर करंट खातोय. आणि त्या वायरला फ्यूज नव्हता. टाकीखालून जाताना फ्रेमला घासून एका जागी तिचं कव्हर इतकं झिजलेलं की आतली तांब्याची तार दिसत होती. पेट्रोलच्या टाकीखाली! आण्णा आवाजासाठी आले होते, पण मला रात्री झोप लागली नाही ती या वायरमुळं.

कुठले पर्याय होते

सगळ्यात सोपा म्हणजे ब्लूटूथ. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होतं. पण या स्वस्त मॉड्यूलमध्ये एका वेळी एकच मोड चालतो, ब्लूटूथ लागलं की बाकीचं बंद, आणि मोड बदलताना बाईचा इंग्रजी आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जातो.

दुसरा, सिलेक्टर स्विच. फिरवून प्लेअर किंवा मोबाईल, एकालाच वाट. हा पर्याय मी फार लवकर बाजूला सारला. डोक्यात असं होतं की हात ग्रीसने भरलेले असताना कुठं नॉब फिरवत बसणार, सगळं आपोआप मिसळलं पाहिजे. त्या वेळी थोडं थांबून विचार केला असता तर पुढची भानगड टळली असती.

तिसरा, तयार छोटा मिक्सर. किमतीला परवडतो, पण त्याचे नॉब उघडे आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस काय असतो ते इकडं राहणाऱ्याला सांगायला नको.

चौथा, रेझिस्टरचं मिक्सिंग, हा मी घेतला. प्रत्येक लाइनला एक रेझिस्टर, पलीकडची सगळी टोकं एकत्र आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायर. म्हणजे मोटरीच्या प्रत्येक पाइपला मधे अरुंद तोटी टाकली, एकाचं पाणी दुसऱ्यात मोकळं शिरत नाही.

आणि एक पाचवा होता, आवाजासाठी वेगळी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, गाडीच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. आण्णा म्हणाले पेटीचंच वजन एवढं आहे, अजून दोन-सव्वादोन किलो कुठं ठेवू. मी पण आग्रह धरला नाही.

पहिल्यांदा काय केलं

आधी पॉवर. बॅटरीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज, नवीन १.५ स्क्वेअर एमएमची वायर, टाकीखाली सगळीकडं स्लीव्ह, आणि मध्ये एक रिले (करंटने चालणारा स्विच) जो चावी चालू असेल तरच अ‍ॅम्प्लिफायरला करंट देईल. जोड सोल्डर न करता क्रिंप केले, म्हणजे धातूच्या नळीत तार घालून दाबले, कारण गाडीच्या थरथरीत सोल्डर जिथं संपतो नेमकी तिथंच तार कडक होऊन तुटते, हे मी स्वतःच्या कामात दोनदा बघितलंय. हँडलपाशी वायरला मोकळा वळसा ठेवला, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून ताण येत नाही ना ते बघितलं.

मग मिक्सिंग. प्लेअरचा डावा-उजवा आणि मोबाईलचा डावा-उजवा अशा चार लाइन, प्रत्येकी ४.७ के ओहमचा रेझिस्टर, भोंगा एकच असल्यामुळं चारही टोकं एका ठिकाणी. हिशोबाने एका सोर्सचा आवाज व्होल्टेजमध्ये निम्मा होतो म्हणजे ६ डीबी (डेसिबल) कमी, तेवढा अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब वर घेतला की भरून निघतं. टेबलावर एकदम मस्त चाललं.

मग एक गंमत लक्षात आली. मोबाईलचा जॅक काढला की मुलीचा आवाज अचानक दुप्पट मोठा व्हायचा! कारण जॅक काढल्यावर मोबाईलचे दोन रेझिस्टर हवेत लटकतात, त्यांच्यातून काही खाली जात नाही, निम्मा होणारा आवाज पूर्ण मिळतो. म्हणून स्विचवाला सॉकेट टाकला, जॅक काढला की तो स्वतःच लाइन अर्थला टेकवतो, मग आवाज आहे तेवढाच राहतो. सर्किट नेटवर कुठंही मिळतं, हे मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

घूं आवाजाचं कारण शोधायला चार्जरची पिन काढून बघितली. पिन काढली की आवाज गायब, म्हणजे अर्थ लूप. चार्जरचा मायनस हँडलच्या बोल्टला होता आणि अ‍ॅम्प्लिफायरचा मायनस बॅटरीला, चार्जिंगचा करंट फ्रेममधून वाहत असल्यामुळं या दोन जागांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो आणि ऑडिओ वायरची शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, त्यांना जोडणारी तिसरी वाट बनते. मॅग्नेटचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) वेग वाढला की सूर चढतो तो यामुळंच. दोन्ही मायनस बॅटरीच्या एकाच टोकाला आणले, आवाज बराच कमी झाला पण पूर्ण गेला नाही. मग मोबाईलच्या लाइनमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल जातो पण तारेने तार जोडलेली राहत नाही. घूं बंद.

माइक अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या माइक सॉकेटलाच ठेवला, त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की ऑक्समध्ये घालून उपयोग नाही. पण माइकच्या बटणाला दुसरा एक कॉन्टॅक्ट होता, त्यावर छोटा रिले टाकला (कॉइलवर उलटा डायोड १एन४००७, नाहीतर भोंग्यात टक्क आवाज येतो). बटण दाबलं की रिले मिक्सिंगचा जोड अर्थला टेकवतो, रेकॉर्डिंग गप्प, आण्णा बोलतात, बटण सोडलं की रेकॉर्डिंग परत. रेझिस्टरच्या पलीकडं टेकवल्यामुळं प्लेअरला काही होत नाही. माइकची शिट्टी घालवायला भोंगा थोडा पुढं सरकवला, माइक कायम त्याच्या मागच्या बाजूला राहील असा.

आण्णा खूश होऊन गेले, मीही समाधानाने दुकान बंद केलं.

वाडीतला फोन

आठ दिवसांनी आण्णा आले ते गाडी स्टँडवर लावून खाली बसूनच राहिले. चहा सांगितला, तो पण तसाच.

झालं असं होतं. एका वाडीत चार-पाच बायका कुकर घेऊन उभ्या, रेकॉर्डिंग चालू, मोबाईल जॅकला लावून खिशात. फोन आला. आण्णांनी सवयीने उचलला आणि कानाला लावला. कानात काहीच नाही. आणि भोंग्यातून, मुलीच्या आवाजावरून, एका पतसंस्थेतल्या माणसाचा आवाज, नाव घेऊन, की तुमचे दोन हप्ते थकलेत, जामीनदाराला नोटीस काढायची का. जॅक काढेपर्यंत सगळं ऐकू गेलं. त्या वाडीत त्यांच्या बायकोचं माहेर आहे.

"कुणी काही बोललं न्हाई दादा," आण्णा म्हणाले, "पण एका वहिनीनं कुकर तसाच घरी नेला."

हे माझ्या वायरिंगमुळं झालं. आधीच्या वाय पिनवर मोबाईल जोडून ठेवणं शक्यच नव्हतं, आवाज बसायचा म्हणून ते गाणं संपलं की जॅक काढायचे. मी तो त्रास काढून टाकला, आयसोलेटर लावून चार्जिंगला लावून ठेवायचीही सोय केली, म्हणजे मोबाईल दिवसभर भोंग्याला जोडलेला राहील अशी व्यवस्था मीच करून दिली. जॅक आत असला की कॉलचा आवाज जॅकमधूनच जातो हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू, रोजचं काम आहे माझं. पण मी ओहम आणि डीबी मोजत बसलो, हा फोन माणसाच्या खिशातला आहे आणि त्याच्यावर घरचे, दवाखान्याचे, वसुलीवाल्यांचे फोन येतात हे विचारातच घेतलं नाही.

दुसऱ्यांदा काय केलं

या वेळी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी तासभर नुसतं विचारत बसलो. मोबाईल भोंग्यात नेमका किती वेळ लागतो? आण्णांनी मोजून सांगितलं, रेट बदलल्यावर एक-दोन दिवस ती वीस सेकंदांची क्लिप आणि सकाळचा एक अभंग. बाकी दिवसभर मोबाईल फक्त कॉल आणि पेमेंट आलं का बघायला.

मग बराच भाग मोबाईलशिवायच सुटला. मुलगी आता नवीन क्लिप रात्री कार्ड रीडर लावून मोबाईलमधून थेट मेमरी कार्डवर टाकते, अभंगही त्याच कार्डात वेगळ्या फोल्डरला. तिला दाखवायला पाच मिनिटं लागली, नववीत आहे, मला तिनेच सांगितलं की फाइलला नंबर दिले की प्लेअर क्रमाने वाजवतो.

मी म्हणालो मोबाईलची लाइन काढूनच टाकतो. आण्णा नको म्हणाले, कधीकधी एखाद्या वाडीत सरपंच ऐनवेळी पाण्याच्या वेळेचा निरोप मोबाईलवर पाठवतात आणि भोंग्यावर लावा म्हणतात, त्याला नाही कसं म्हणणार. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्या वाड्यांमध्ये दवंडी द्यायला दुसरं कोण फिरतंय?

म्हणून लाइन ठेवली पण तिचा स्वभाव बदलला. मध्ये दोन पोलचं पुश बटण टाकलं, दाबून धरलं तरच मोबाईलचा आवाज भोंग्यात, बोट काढलं की लाइन तुटते आणि रेझिस्टरची टोकं अर्थला. टॉगल स्विच मुद्दाम नाही घेतला, टॉगल चालू राहून जातो. आणि जॅकची वायर वीतभर केली. आधी हातभर होती, फोन खिशात ठेवून जोडता यायचा. आता जोडायचा तर टाकीवरच्या पाऊचमध्येच ठेवावा लागतो, खिशात घालायचा तर जॅक काढावाच लागतो. या वीतभर वायरवर माझा बटणापेक्षा जास्त भरवसा आहे.

रेकॉर्डिंगमध्येही एक बदल केला. आधी ते सलग फिरत राहायचं, आता वीस सेकंद आवाज आणि तीस सेकंद शांतता अशी फाइलच बनवली. बॅटरी वाचते, आण्णांना गिऱ्हाइकाशी बोलता येतं आणि पाराजवळच्या घरात कोणी आजारी असेल तर त्यालाही बरं. हँडलवर एक बंदचं बटण दिलं, शाळा आणि दवाखान्याजवळून जाताना दाबायला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि मुळात लाउडस्पीकर लावायलाच लेखी परवानगी लागते. परवानगीचं मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, ते या वेळी विचारलं आणि आण्णांनी अर्ज दिला.

आत्ता कसं चाललंय

पावसाळा त्याच वायरिंगवर निघाला. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकवलंय, त्यामुळं युनिटमध्ये (भोंग्यामागचा, आवाज तयार करणारा भाग) पाणी गेलं नाही. एक क्रिंप सैल झाला होता तो जुलैत बदलला. मोबाईल दाबून धरायचं बटण या काळात फक्त सरपंचांच्या निरोपांसाठी वापरलं गेलं, आयसोलेटर जवळजवळ रिकामाच बसून आहे.

बॅटरीचं पूर्ण सुटलेलं नाही. गाडीची बॅटरी ४ एएचची, इंजिन बंद ठेवून अर्धा अर्धा तास भोंगा चालवला की संध्याकाळपर्यंत दमते. छोटा व्होल्टमीटर लावून दिलाय, १२ च्या खाली आकडा आला की गाडी चालू करा एवढं सांगितलंय आणि ते पाळतात. पण ही तात्पुरती सोय आहे.

परत करायचं झालं तर

वेगळ्या बॅटरीचा आग्रह मी पहिल्याच दिवशी धरला असता. अ‍ॅम्प्लिफायर गाडीच्या करंटला जोडलेलाच नसता तर अर्थ लूप झालाच नसता, आयसोलेटरचे पैसे वाचले असते, सकाळी बॅटरी मेलेली सापडली नसती. वजनाची अडचण खरी होती, पण पेटीतला जुना लोखंडी पाना सेट हलका केला असता तर जागा आणि वजन दोन्ही निघालं असतं, आम्ही दोघांनी पेटी उघडून बघितलीच नाही. दिवाळीनंतर ती बॅटरी टाकायचं ठरलंय, रात्री घरी चार्ज करायची.

अ‍ॅम्प्लिफायर पण जरा नीट बघितला असता. त्याच्यावर ३० वॅट लिहिलंय, पण भोंग्याचं युनिट १६ ओहमचं आणि सप्लाय १२-१४ व्होल्टचा, त्यात साधारण ४-५ वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. नॉब त्याच्या पुढं नेला की आवाज वाढत नाही, फाटतो. आण्णा कित्येक दिवस फाटका आवाजच मोठा आवाज समजत होते. मी नॉबवर मार्करने खूण करून दिली, तिथपर्यंत शब्द स्वच्छ येतात आणि स्वच्छ शब्द लांबपर्यंत कळतात.

आणि काम घेतानाच विचारलं असतं की प्रत्येक आवाज कोणासाठी आहे. मुलीचा आवाज सगळ्यांसाठी, तो आपोआप चालू राहिला पाहिजे. माइक आण्णा ठरवतील तेव्हा. मोबाईल एकट्या आण्णांचा, क्वचित कधी गावाचा. यातला मुलीचा आवाज आणि मोबाईल मी एकसारखे चार रेझिस्टर लावून एका जोडावर आणले, आणि विजेच्या हिशोबाने ते अगदी बरोबर होतं.

त्या वाडीत आण्णा तीन महिने गेले नाहीत, रस्ता सोडून पुढच्या वाडीला जायचे. हप्ते मध्यंतरी भरून झाले. श्रावणात एका सकाळी त्यांचा मला फोन आला, तिथं पारावर उभा आहे म्हणाले, तीन कुकर आलेत, एकाची रिंग आपल्याकडं नाही, बाजारातून घेऊन ठेवाल का. मी हो म्हणालो. फोन त्यांच्या कानाला होता, आणि मागं लांबून मला मुलीचा आवाज ऐकू येत होता, कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह बदलून मिळेल, गॅस शेगडी रिपेअर करून मिळेल.